‘राष्ट्रीय रूपककथा’ आणि दुसरा वाचक

१

जागतिक राजकारण, समाज आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधांविषयी गेल्या चार दशकांत जे सैद्धान्तिक वाद झाले, त्यांत फ्रेडरिक जेमसन आणि ऐजाज अहमद यांच्यातील वादाचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘बहुराष्ट्रीय भांडवलशाहीच्या युगातील तिसऱ्या जगाचे साहित्य’ हा जेमसन यांचा निबंध १९८६ मध्ये ‘सोशल टेक्स्ट’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अहमद यांनी त्याला १९८७ मध्ये त्याच नियतकालिकातून सविस्तर उत्तर दिले. जेमसन यांचा छोटा खुलासाही त्याच अंकात छापला गेला. अहमद यांचा निबंध पुढे ‘इन थिअरी’ (१९९२) या त्यांच्या ग्रंथात समाविष्ट झाला. तर जेमसन यांनी तीन दशकांनंतर ‘अ‍ॅलेगरी अँड आयडिऑलॉजी’ (२०१९) या ग्रंथात आपला मूळ निबंध नव्या भाष्यासह पुन्हा छापला. अहमद २०२२ मध्ये आणि जेमसन २०२४ मध्ये निवर्तले. दोघेही मार्क्सवादी होते. त्यामुळे हा वाद परस्परविरोधी विचारसरणींचा नाही. एकाच परंपरेतील दोन अभ्यासकांनी जगाच्या दोन ठिकाणी उभे राहून केलेल्या वाचनांचा आहे.

वादी-प्रतिवादी दोघेही काळाआड गेल्यावर वादाचे रूपांतर अभ्यासक्रमातील एका घटकात व्हावे, हे स्वाभाविक आहे. ‘तिसऱ्या जगाचे सर्व साहित्य ही राष्ट्रीय रूपककथा असते, असे जेमसन म्हणतात, अहमद यांनी ते खोडून काढले’ एवढ्या दोन वाक्यांत हा विषय परीक्षेपुरता संपतो. पण जेमसन यांच्या निबंधाच्या आरंभीच एक असा मुद्दा येतो की, ज्याकडे नंतरच्या चर्चेत पुरेसे लक्ष गेले नाही. तो मुद्दा आहे ‘दुसऱ्या वाचका’चा. मराठीसारख्या भाषेत लिहिणाऱ्या समीक्षकाच्या दृष्टीने ‘राष्ट्रीय रूपककथा’ ही संकल्पना खरी की खोटी, यापेक्षा हा दुसरा वाचक कोण आणि तो काय करतो, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

२

जेमसन यांचे प्रतिपादन न्याय्य रीतीने मांडणे अगत्याचे आहे. कारण त्यांच्यावरील पुष्कळशी टीका त्यांच्या एका ठळक विधानापाशीच थांबते. त्यांचा आरंभबिंदू अमेरिकी विद्यापीठांतील अभिरुचीचा आहे. प्रूस्त आणि जॉइस यांच्यावर पोसलेल्या पाश्चात्त्य वाचकाला आशिया-आफ्रिकेतील कादंबरी जुनाट वाटते. आपण ओलांडून आलेला वास्तववादाचा टप्पा येथे पुन्हा भेटतो आहे, असे त्याला वाटते. जेमसन यांच्या मते हा दोष कादंबरीचा नसून वाचनाच्या स्थितीचा आहे. पाश्चात्त्य वाचक आणि ती संहिता यांच्यामध्ये आणखी एक वाचक उभा असतो. जे कथन पाश्चात्त्य वाचकाला भाबडे भासते, तेच या दुसऱ्या वाचकाला ताजे आणि सामाजिक अर्थाने भरलेले वाटते. त्या वाचकाच्या जागी जाऊन वाचणे पाश्चात्त्य वाचकाला शक्य नसते, आणि ही अशक्यता मान्य केल्याखेरीज वाचनाला प्रामाणिक आरंभ होत नाही.

यापुढे ते आपला सिद्धान्त मांडतात. भांडवलशाही समाजात खासगी आणि सार्वजनिक, लैंगिक आणि राजकीय अशी अनुभवाची फाळणी झालेली असते. तिसऱ्या जगाच्या साहित्यात या फाळणीचे स्वरूप वेगळे असते. तेथे वरवर खासगी भासणारी कथाही अपरिहार्यपणे समूहाच्या, म्हणजेच राष्ट्राच्या, स्थितीची रूपककथा ठरते.

येथे ‘रूपककथा’ या शब्दाविषयी खुलासा करणे जरूर आहे. मराठीत हा शब्द उच्चारताच वि. स. खांडेकरांनी रूढ केलेला लघुकथाप्रकार आठवतो. त्याहून मागे गेल्यास बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’सारखी, प्रत्येक पात्राला एकेका गुणाचे नाव चिकटवणारी रचना आठवते. जेमसन यांना असा एकास-एक जुळणारा तक्ता अभिप्रेत नाही. त्यांच्या मते रूपकात्मकता ही खंडित, बहुअर्थी आणि स्वप्नासारखी पालटत जाणारी असते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. एकनाथांच्या भारुडांत विंचवाचा दंश, जोशाचे भविष्य किंवा सासुरवाशिणीचे गाऱ्हाणे हे लौकिक पातळीवर पूर्णपणे खरे असते. त्याच क्षणी ते आध्यात्मिक अर्थही वाहत असते, आणि दोन्ही अर्थांच्या सांध्यावर हसू व भय एकत्र नांदतात. भारुडातील लौकिक दृश्य आध्यात्मिक अर्थाखाली विरून जात नाही. रूपकाची इतकी प्रगल्भ जाण ज्या परंपरेत सोळाव्या शतकापासून आहे, त्या परंपरेने जेमसन यांच्या संज्ञेपुढे बिचकण्याचे अथवा दिपून जाण्याचेही प्रयोजन नाही. प्रश्न रूपकाचा नाही. ‘राष्ट्रीय’ या विशेषणाचा आहे.

३

अहमद यांनी नेमका या विशेषणावर आणि त्यामागील जगाच्या नकाशावर हल्ला चढवला. त्यांच्या आक्षेपांत तीन प्रमुख आहेत.

पहिला आक्षेप वर्गीकरणाच्या निकषांविषयीचा आहे. ‘तिसरे जग’ ही संज्ञा आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच अभ्यासकाने १९५२ मध्ये वापरली आणि १९५५ च्या बांडुंग परिषदेनंतर तिला राजकीय आशय लाभला. जेमसन यांच्या मांडणीत पहिले जग भांडवलशाहीने आणि दुसरे जग समाजवादाने, म्हणजे दोन्ही उत्पादनव्यवस्थेने ओळखले जातात. तिसरे जग मात्र वसाहतवादाच्या अनुभवाने ओळखले जाते. अहमद यांच्या मते याचा अर्थ असा की, पहिली दोन जगे इतिहास घडवतात आणि तिसरे तो केवळ सोसते. ज्याची ओळख परक्यांनी केलेल्या आक्रमणावरून ठरते, त्याला त्या आक्रमणाला प्रत्युत्तर देण्यावाचून, म्हणजे राष्ट्रवादावाचून, अन्य पर्याय उरत नाही.

दुसरा आक्षेप ‘सर्व’ आणि ‘अपरिहार्यपणे’ या शब्दांना आहे. अहमद उर्दूचा दाखला देतात. १९३५ ते १९४७ हा स्वातंत्र्यलढ्याचा निर्णायक काळ. त्या काळातील उर्दू कादंबरीत वसाहतीचा अनुभव हाच थेट आणि एकमेव विषय असलेली एकही कृती त्यांना आठवत नाही. त्या काळचे पुरोगामी लेखक स्वसमाजातील वर्ग, धर्म आणि स्त्री-पुरुषसंबंध यांची चिकित्सा करीत होते. ‘राष्ट्र’ या शब्दाऐवजी ‘समूह’ हा व्यापक शब्द घेतला, तर जेमसन यांचे निरीक्षण अधिक टिकते. पण मग ते केवळ तिसऱ्या जगापुरते राहत नाही, हेही ते दाखवून देतात.

तिसरा आक्षेप भाषेचा आहे आणि तोच सर्वांत मूलगामी आहे. आशिया-आफ्रिकेतील अभ्यासकाला किमान एक युरोपीय भाषा यावी लागते. उलट युरोप-अमेरिकेतील साहित्यसिद्धान्तकाराला आशियाची अथवा आफ्रिकेची एकही भाषा न येणे हे उणेपण मानले जात नाही. परिणामी जे इंग्रजीत लिहिले जाते किंवा इंग्रजीत येते, तेवढेच ‘तिसऱ्या जगाचे साहित्य’ ठरते. सलमान रश्दी यांची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ (१९८१) प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या रूपाने एका खंडालाच वाचा फुटल्याच्या आशयाचा गौरव अमेरिकेत झाला. जणू तोवर त्या खंडात कोणी बोललेच नव्हते! या गौरवातील अज्ञानावर अहमद यांनी नेमके बोट ठेवले. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री जन्मलेल्या नायकाची ती कादंबरी राष्ट्रीय रूपककथेच्या व्याख्येत चपखल बसते, ही गोष्ट योगायोगाची नाही. जी कृती जागतिक भाषेत, जागतिक वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून घडते, ती ‘राष्ट्र’ या एककाचा आश्रय घेते. कारण दूरच्या वाचकाला प्रथम दिसते ते राष्ट्रच. गाव, जात, पोटजात, बोली, नात्यांची उतरंड हे सारे त्या अंतरावरून दिसत नाही.

जेमसन यांनी दिलेला खुलासा त्रोटक असला, तरी महत्त्वाचा आहे. आपला निबंध मुळात अमेरिकी साहित्यव्यवहारातील हस्तक्षेप होता, साहित्याने गमावलेल्या काही सामाजिक कार्यांकडे त्यात लक्ष वेधायचे होते, असे त्यांनी म्हटले. हा हेतू निःसंशय प्रामाणिक होता. परंतु त्यातूनच अहमद यांच्या आक्षेपाला पुष्टी मिळते. निबंध तिसऱ्या जगाविषयी असला, तरी त्याचा संवाद पहिल्या जगाशी आहे. दुसऱ्या वाचकाचे अस्तित्व मान्य करूनही त्याला या संवादात बोलावलेले नाही.

४

हा दुसरा वाचक काय पाहू शकतो, याचा पडताळा जेमसन यांनी निवडलेल्या उदाहरणांतच घेता येतो. त्यांचे पहिले उदाहरण लू शुन या चिनी लेखकाचे आहे. ‘वेड्याची रोजनिशी’ (१९१८) या कथेचा निवेदक आपल्या भोवतालचे सर्वजण नरभक्षक असल्याचे मानू लागतो आणि नीतिधर्माच्या जुन्या ग्रंथांतील ओळींच्या मधोमध त्याला माणसे खाल्ल्याच्या खुणा दिसतात. पाश्चात्त्य वाचक ही कथा एका मनोरुग्णाची केस म्हणून वाचील; वस्तुतः तीत एका समाजाचे दुःस्वप्न आहे, हे जेमसन यांचे म्हणणे मार्मिक आहे. मात्र या दुःस्वप्नातील नरभक्षक परकी सत्ता नाहीत. ते घरातले आहेत: थोरला भाऊ, शेजारी, वैद्य आणि त्या सर्वांना मान्य असलेली कुटुंबनीती. साम्राज्यवादाने जर्जर झालेल्या चीनमध्ये लिहिली गेलेली ही कथा आपला आरोप स्वसंस्कृतीवर ठेवते. म्हणजे ज्या कृतीवर सिद्धान्त उभा आहे, तीच ‘राष्ट्र विरुद्ध साम्राज्य’ हे समीकरण नाकारते.

दुसरी गोष्ट भाषेची. या कथेला एक छोटे प्रास्ताविक आहे. रुग्ण बरा होऊन सरकारी नेमणुकीची वाट पाहण्यासाठी निघून गेल्याचे त्यात सांगितले आहे. हे प्रास्ताविक अभिजात ग्रांथिक चिनीत आहे, तर रोजनिशी बोलभाषेत. शहाणपणा परत येतो तो मृत भाषेत. सत्य उच्चारले जाते ते वेडाच्या जिवंत भाषेत. भाषांतरात ही दोन भाषांमधील दरी बुजते. ज्याला ती दरी ऐकू येते, तो चिनी वाचक हाच येथे दुसरा वाचक आहे; आणि त्याला जे ऐकू येते, ते कथेच्या अर्थाचे केवळ आभूषण नव्हे. ग्रांथिक भाषा, तिच्यावर पोसलेली परीक्षापद्धती आणि त्यातून घडणारा अधिकारी वर्ग यांच्याविरुद्धचे बंड त्या दरीतच आहे.

जेमसन यांचे दुसरे उदाहरण उस्मान सेंबेन या सेनेगलच्या लेखकाच्या ‘शाला’ (१९७३) या कादंबरीचे आहे. तिसरे लग्न करणारा एक धनाढ्य व्यापारी लग्नाच्या रात्री पुरुषत्व गमावतो. हा शाप त्यानेच पूर्वी नागवलेल्या आणि आता भिकारी झालेल्या एकाने दिलेला असतो. नवस्वतंत्र देशातील सत्ताधारी वर्गाच्या नपुंसकतेची ही रूपककथा आहे, असे जेमसन म्हणतात. त्यात तथ्य आहे. मात्र तेथेही दोष बाहेरच्या शत्रूवर ढकललेला नाही आणि शाप देणारा भिकारी ‘राष्ट्रा’चा प्रतिनिधी नाही, राष्ट्राच्या नावाने ज्यांची जमीन गेली, त्यांचा तो प्रतिनिधी आहे. सेंबेन फ्रेंचमध्ये लिहीत. आपल्या देशबांधवांपैकी बहुसंख्यांना ती भाषा वाचता येत नाही, हे जाणून ते चित्रपटाकडे वळले. ‘मांडाबी’ (१९६८) हा त्यांचा चित्रपट वोलोफ भाषेत आहे. म्हणजे दुसऱ्या वाचकाचा शोध स्वतः लेखकालाच घ्यावा लागला आणि त्यासाठी त्याने माध्यम बदलले. ‘शाला’चा विचार करताना हे स्थलांतर दृष्टीआड करून चालत नाही.

५

या चर्चेत मराठीचा संबंध कोठे येतो? मराठी कादंबरीचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास जेमसन यांच्या सिद्धान्ताची कसोटी पाहण्यास उत्तम साधन आहे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) प्रकाशनवर्ष उठावाचे वर्ष आहे, पण त्या कादंबरीचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा आहे. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता, तो हाच काळ. १८९१ मध्ये तो कायदा झाला. राष्ट्रीय सभेची स्थापना होऊन पाच-सहा वर्षे लोटली होती. अशा वेळी लिहिली गेलेली ही कादंबरी राष्ट्रीय रूपककथा ठरते का?

यमूची कथा खासगी नाही, हे उघड आहे. तिचे बालपण, विवाह, सासर, पतीसह मुंबईत काढलेले थोडे मोकळे दिवस, वैधव्य आणि शंकरमामंजींच्या सत्तेखालील घरात तिच्यावर लादलेले केशवपन यांतील प्रत्येक टप्पा तिच्यासारख्या असंख्य मुलींच्या आयुष्याचा टप्पा आहे. व्यक्तीची कथा सांगताना समूहाची कथा सांगितली जाणे, हे जेमसन यांचे निरीक्षण येथे पूर्णपणे लागू पडते. परंतु हा समूह कोणता? तो राष्ट्र नाही. परकी सत्तेशी संघर्ष हा या कादंबरीचा विषय नाही. उलट इंग्रजी शिक्षणाने यमूच्या पतीच्या मनात जी दृष्टी आली, तिच्यामुळेच तिच्या आयुष्यात काही काळ वारा खेळतो. वसाहतीचा अनुभव येथे जखम म्हणून येत नाही, किलकिल्या झालेल्या एका खिडकीच्या रूपाने येतो. ती खिडकी अरुंद होती, मोजक्या जातींना आणि त्यांतील मोजक्या पुरुषांना खुली होती, हेही तितकेच खरे.

या कादंबरीतील घर हेच राष्ट्राचे रूपक मानावे, असा युक्तिवाद करता येईल. वसाहतकाळातील राष्ट्रवादाने बाह्य क्षेत्र इंग्रजांना सोडून गृह, धर्म आणि स्त्री हे आंतरिक क्षेत्र स्वतःचे मानले, हे पार्थ चटर्जी यांनी ‘द नेशन अँड इट्स फ्रॅग्मेंट्स’ (१९९३) या ग्रंथात मांडले आहे. ही मांडणी स्वीकारली, तरी आपट्यांची कादंबरी त्या राष्ट्रवादाच्या विरुद्ध बाजूला उभी राहते. ज्या आंतरिक क्षेत्राला पवित्र मानून परकी कायद्यापासून राखायचे, त्याच क्षेत्रातील क्रौर्य ती उघड करते. तिचे शीर्षक हा वाचकाला विचारलेला प्रश्न आहे. तो वाचक साप्ताहिक घरी येणारा, मराठी वाचणारा, आणि स्वतःच्या माजघरात तेच घडत असूनही ते न पाहणारा आहे. यमूच्या निवेदनातील बायकी बोलण्याची वळणे, माजघरातील कुजबुज, वडीलधाऱ्यांसमोर अर्धवट राहणारी वाक्ये यांचा आघात या वाचकावर होतो. ‘राष्ट्र’ हे एकक लावताच तो आघात हरवतो; कारण राष्ट्राच्या पातळीवर आरोपी आणि फिर्यादी एकच होऊन जातात.

६

आक्षेप याहून पुढे नेता येतो. राष्ट्रीय रूपककथेसाठी प्रथम राष्ट्र असावे लागते. मराठी विचारपरंपरेतील एका सशक्त प्रवाहाने नेमके हेच गृहीत नाकारले आहे. जोतीराव फुले यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शूद्रातिशूद्रांसह सर्व लोक विद्यावान होऊन एकमय झाल्याखेरीज ‘नेशन’ होणे शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. ‘करमणूक’मधून यमूची कथा क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच हे लिखाण वाचकांपुढे आले, हा योग लक्षणीय आहे. सुमारे सहा दशकांनंतर, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेतील आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न पुन्हा उपस्थित केला. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे ठरतील, असे त्यांनी विचारले आणि जाती या राष्ट्रविरोधी असल्याचे सांगितले. फुले-आंबेडकरांच्या दृष्टीने राष्ट्र ही दिलेली वस्तू नव्हती. ती अद्याप घडवायची होती.

दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) या पार्श्वभूमीवर वाचले, म्हणजे जेमसन यांचा सिद्धान्त कोठे उपयोगी पडतो आणि कोठे मोडतो, ते स्पष्ट होते. येथे सुशिक्षित दया पवार आणि त्यांच्यातच वसलेला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. गावचा महारवाडा आणि मुंबईतील कावाखाना यांच्यामध्ये हेलकावणारे हे निवेदन ‘मी’चे असूनही कधीच एकट्याचे होत नाही. त्यातला ‘मी’ हा समूहवाचक आहे. खासगी आणि सार्वजनिक यांची फाळणी झालेली नाही, हे जेमसन यांचे वर्णन दलित आत्मकथनाला जितके लागू पडते, तितके क्वचितच अन्य लेखनाला पडेल. पण हा समूह म्हणजे राष्ट्र नव्हे. राष्ट्राने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांचा तो समूह आहे. स्वातंत्र्याने महारवाड्याचा प्रश्न सुटला नाही, आणि परकी सत्ता हा त्या वाड्याचा एकमेव, किंवा पहिलाही, शत्रू नव्हता. महार वतनाची बेडी तोडण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, तेव्हा त्यांना झगडायचे होते ते वसाहतीच्या कायद्याशी आणि गावगाड्याशी, दोहोंशी एकाच वेळी.

‘बलुतं’ हे शीर्षकच याचे उत्तम उदाहरण आहे. २०१५ मध्ये जेरी पिंटो यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातही ते तसेच ठेवले गेले. या शब्दात धान्याचा वाटा आहे, तो मिळवण्यासाठी पसरावा लागणारा हात आहे, कामाचा मोबदला हक्काने न मिळता दान म्हणून अंगावर फेकला जाण्याचा अपमान आहे, आणि पिढीजात बांधिलकीही आहे. आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर हा शब्द येतो, तेव्हा लेखक आपल्या वाट्याला आलेल्या आयुष्यालाच बलुतं म्हणतो. ही खऱ्या अर्थाने रूपकात्मकता आहे. भारुडाच्या कुळातील, जिच्यात लौकिक अर्थ जराही विरत नाही. परंतु तिचे एकक गाव आणि जात हे आहे. तिला ‘राष्ट्रीय’ म्हणणे म्हणजे जो व्यवहार ती उघडा पाडते, त्याच्यावर पुन्हा पांघरूण घालणे होय.

अहमद यांच्या टीकेची मर्यादाही याच ठिकाणी जाणवते. ‘राष्ट्रा’ऐवजी ‘समूह’ ही त्यांची सूचना योग्य दिशेची होती. पण समूह कसा घडतो, तो कोणाला वगळून घडतो आणि त्याची भाषा कोणती, हे प्रश्न त्यांच्या त्या निबंधात उलगडलेले नाहीत. जातीचा विचार तेथे मध्यवर्ती नाही. उर्दूविषयीचे त्यांचे विवेचन प्रतिउदाहरण म्हणून प्रभावी आहे. तथापि एखादी कृती आतून वाचून दाखवण्याचे काम तेथे होत नाही. सिद्धान्त खोडणे आणि दुसऱ्या वाचकाची साक्ष नोंदवणे, ही दोन वेगळी कार्ये आहेत. पहिले अहमद यांनी केले. दुसरे ज्या त्या भाषेतील अभ्यासकांवर सोपवलेले राहिले.

७

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यानंतर ‘दुसरे जग’ उरले नाही आणि त्याबरोबर तीन जगांचा नकाशाही कालबाह्य ठरला. त्याची जागा ‘विश्वसाहित्य’ या जुन्याच संज्ञेच्या नव्या अवताराने घेतली. फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’मध्ये लिहिलेल्या निबंधात असे मांडले की, साहित्यव्यवस्थेच्या परिघावर आधुनिक कादंबरी ही परकी आकृतिबंध आणि स्थानिक आशयद्रव्य यांच्या तडजोडीतून जन्मते. यासाठी सर्व भाषांतील कृती वाचणे कोणालाच शक्य नसल्याने ज्या त्या साहित्याच्या तज्ज्ञांच्या निष्कर्षांवर विसंबावे, अशी त्यांची पद्धती आहे. ती प्रांजळ आहे, पण तिने श्रमाची एक विभागणी पक्की केली: दाखले परिघाने पुरवायचे आणि नियम केंद्राने बांधायचे. जेमसन यांच्या निबंधात दुसरा वाचक निदान एक अस्वस्थ करणारी उपस्थिती होता. या नव्या व्यवस्थेत तो माहितीचा पुरवठादार होतो.

अनुवादाच्या बाजारातही हीच गोष्ट दिसते. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या अनुवादाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. भारतीय भाषांच्या दृष्टीने ही आनंदाची घटना आहे. परंतु पारितोषिकानंतर एखादी कृती ‘भारता’ची म्हणून वाचली जाणे आणि ती हिंदीतील अथवा कन्नडमधील विशिष्ट परंपरेशी भांडणारी म्हणून वाचली जाणे, यांत अंतर आहे. पहिले वाचन जग करील. दुसरे त्या भाषेतील वाचकानेच करावे लागेल.

मराठीत या प्रश्नाला दिले गेलेले सर्वांत समर्थ उत्तर म्हणजे भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद. ‘टीकास्वयंवर’ (१९९०) मधील लेखनाने पाश्चात्त्य मापदंडांच्या अनुकरणाविरुद्ध स्वभूमीतील परंपरांचे भान मराठी समीक्षेला दिले, हे ऋण मान्य केले पाहिजे. तरीही जेमसन-अहमद वादाच्या प्रकाशात एक शंका उरते. ‘देशी’ हे एकक ‘राष्ट्र’ या एककापेक्षा जवळचे आणि अधिक भरीव आहे. मात्र तेही संहितेच्या आधी गृहीत धरले, तर त्याचा परिणाम राष्ट्रासारखाच होतो. ‘हा देश कोणाचा?’ हा प्रश्न यमूने माजघरातून आणि दगडूने महारवाड्यातून विचारलेला आहे. त्यांच्या दृष्टीने परंपरा हे आश्रयस्थान नाही, ते न्यायालयात उभे करावयाचे प्रकरण आहे. शरद पाटील आणि शरणकुमार लिंबाळे यांच्यासारख्यांनी सौंदर्यशास्त्राचा प्रश्न जातीच्या अंगाने पुन्हा मांडला, तो याच कारणासाठी.

यावरून पदव्युत्तर अध्ययनाच्या दृष्टीने एक गोष्ट निष्पन्न होते. ‘सिद्धान्त तिकडचा, उदाहरण इकडचे’ ही मराठी विभागांतील रूढ पद्धत जेमसन यांच्या बाजूने चालवली काय किंवा अहमद यांच्या बाजूने चालवली काय, तिच्यात फरक पडत नाही. दोन्ही बाजूंनी मराठी कृती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच राहते. तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळत नाही. आपट्यांची कादंबरी राष्ट्रीय रूपककथा आहे किंवा नाही, एवढे ठरवून प्रबंध संपवणे सोपे आहे. ‘समूह म्हणजे काय’ याविषयी ती कादंबरी कोणती कल्पना करते आणि त्या कल्पनेपुढे ‘राष्ट्रीय रूपककथा’ ही संज्ञा कितपत उभी राहते, हे विचारणे अवघड आहे. पण सिद्धान्त असाच घडतो.

जेमसन यांनी ज्या दुसऱ्या वाचकाचा उल्लेख करून त्याला दारातच ठेवले, तो वाचक मराठीत गेली दीड शतके वाचतो आहे, भांडतो आहे, पत्रे आणि परीक्षणे लिहितो आहे. तो एकजिनसी नाही. माजघरातला, माजघराबाहेरचा आणि वेशीबाहेरचा असे त्याचे अनेक आवाज आहेत आणि ते एकमेकांना छेद देतात. त्या आवाजांची नोंद केवळ इंग्रजीतील एखाद्या ग्रंथाच्या तळटिपेत होणे पुरेसे नाही. ती मराठीत, मराठीच्या संज्ञांनी आणि परस्परांतील मतभेद न लपवता झाली, तरच जगाच्या साहित्यविचारात मराठीची बाजू दाखल होईल. ती होईपर्यंत जगाच्या नकाशावर मराठी कादंबरी कोठे आहे, हे इतर लोक सांगत राहतील, आणि ते राष्ट्राच्या नावानेच सांगतील.